भाऊसाहेब

वडील गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यात वारसनोंदीसाठी आईला घेऊन तलाठ्याकडे गेलो. टेबलामागचा मुलगा जेमतेम पंचविशीचा. सत्तरीतली आई पदर सावरत म्हणाली, ‘‘भाऊसाहेब, आमची नावं लावायची होती.’’ मला ते लागलं. नातवाच्या वयाच्या पोराला तिनं भाऊसाहेब का म्हणावं?

पण आमच्या नगर जिल्ह्यात तलाठी म्हणजे भाऊसाहेबच. बदली होते, माणूस जातो, भाऊसाहेब गावातच राहतात. ग्रामसेवकही भाऊसाहेब, म्हणून ‘कोणते?’ असं विचारावं लागतं. तहसीलदार मात्र रावसाहेब. इंग्रजी अमलातला तो किताब केव्हाच गेला, तहसील कचेरीत अजून ऐकू येतो. रावसाहेबांशी कुणी नातं जोडत नाही. भाऊसाहेबांशी जोडतात, कारण सातबारा, फेरफार, पिकाचा पंचनामा, सगळं त्यांच्याच हातून जातं. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा सरकारी आदेश आहे. अर्जावर मी तेच लिहिलं होतं. आईनं ते वाचून घेतलं आणि विचारलं, ‘‘आणि भाऊसाहेब कुठं लिहिलंय?’’

अर्जात आई, मी आणि बहीण अशी तीन नावं होती. सोबत आलेले चुलते म्हणाले, ‘‘पोरीचं कशाला लावता? नाहीतरी हक्कसोड देणारच ती.’’ मी गप्प बसलो. बसायला नको होतं. तो मुलगा मात्र शांतपणे म्हणाला, ‘‘हक्कसोड पुढचं पुढं. वारस आहे म्हणजे नाव लागणार.’’ मग आईकडे वळला, ‘‘मावशी, मुलीचं पूर्ण नाव सांगा.’’

तिनं भाऊ म्हटलं होतं, त्यानं मावशी म्हटलं. तेव्हा मला कळलं की आई लाचारीनं बोलली नव्हती. तिनं त्याच्यावर नात्याचा भार टाकला होता, आणि त्यानं तो उचलला. सगळेच उचलतात असं नाही. हाच शब्द तोंडात घेऊन लोकांना महिनोन्‌महिने हेलपाटे घालतानाही मी पाहिलंय, आणि तेव्हा तो ऐकवत नाही.

हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागली, मग सर्कल अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. नवा उतारा हातात आल्यावर आईनं बहिणीच्या नावावर बोट ठेवून ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

हल्ली गावाला एक तरुण मुलगी तलाठी आहे. पारावर लोक विचारतात, ‘‘भाऊसाहेब आल्या का?’’ अवकाळीनंतर ती पंचनाम्याला आमच्या बांधावर आली, तेव्हा आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. ‘‘घ्या भाऊसाहेब. उन्हाचं डोक्यावर पदर घेत जा, बाई.’’