दोन बोटं मान

परीक्षा संपली, की पहिले दोन दिवस कसे मजेत जातात! तिसऱ्या दिवशी मात्र घरातलं कुणीतरी विचारतंच, "मग, सुटीत करणार काय?" पोहणं, पत्ते, कैऱ्या, मामाचं गाव ही आपली ठरलेली उत्तरं. पण दोस्तांनो, नाशिक जिल्ह्यात निफाड, चांदवड, येवला या बाजूची कितीतरी मुलंमुली या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतात, "कांदे!"

हे कांद्याचं काम म्हणजे नेमकं काय असतं? चला, आज एक दिवस ते करूनच बघू. समजा, तुम्ही नुकतीच दहावीची परीक्षा दिली आहे. तुमची मावशी लासलगावजवळच्या एका मळ्यात राहते, आणि तिनं निरोप धाडलाय, "कांदे काढायला आलेत. मैत्रिणींना, मित्रांना घेऊन या. खाऊन-पिऊन वर पैसेही मिळतील."

नाशिकहून एसटीनं निघालात, तर चांदोरी, निफाड, विंचूर करत साठेक किलोमीटरवर लासलगाव येतं. वाटेत उजव्या हाताला थोडं आत गेलं, की नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा लागतो. गोदावरी आणि कादवा इथं एकमेकींना भेटतात. आपल्या राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून २०२० साली या पाणथळीची नोंद झाली. पण पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात, तेव्हा एप्रिलमध्ये तिथं वाकडी वाट करू नका. विंचूर जवळ आलं, की खिडकीतून वास यायला लागतो. उग्र, थोडासा गोडसर. उतरायची तयारी करा!

मळ्यातला दिवस सहाच्या आतच सुरू होतो. डोळे चोळत तुम्ही बांधावर येता आणि बघता, तर सगळं शेत झोपलेलं! कांद्याच्या हिरव्या पाती ताठ उभ्या असतील असं तुम्हांला वाटलेलं असतं. इथं तर त्या कमरेत वाकून जमिनीला टेकलेल्या. काळजी नको, याला म्हणतात "माना पडणं". डिसेंबर-जानेवारीत लावलेलं रोप तीन-साडेतीन महिन्यांनी पोसलं, की कांद्याच्या वरची मान मऊ पडते आणि पात आडवी होते. निम्म्या शेतानं माना टाकल्या, की कांदा तयार झाला असं समजायचं. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणीही तोडलेलं असतं.

शेताच्या एका कडेला कांदे आधीच उपटून ओळीनं पसरलेले दिसतात. नीट बघा बरं, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर पांघरुणासारखी घातलेली आहे. उन्हानं कांदा भाजू नये म्हणून ही युक्ती. असे तीन-चार दिवस वाळले, की कापायचे. तेच आज तुमचं काम.

हातात विळा येतो. मावशी एक कांदा उचलते, पात मुठीत धरते, कांद्याच्या वर आपली दोन बोटं आडवी लावते आणि त्यांच्या वर सपकन विळा फिरवते. पात एकीकडे, कांदा पाटीत. "दोन बोटं मान ठेवायची. जास्त नाही, कमी नाही. कळलं?" कळलं! त्यात काय मोठंसं?

पहिल्या पाटीला गंमत वाटते. दुसऱ्या पाटीला शर्यत लागते. तुम्ही पाच-सहा जण शेजारी-शेजारी बसलेले, कुणाची ओळ आधी संपते ते बघायचं! पेपरात काय सोडलं, कुणाला किती मार्क पडणार, या गप्पा चाललेल्या. शर्यतीच्या नादात विळा खाली-वर होऊ लागतो. एवढ्यात मावशी मागून येते, एका पाटीत हात घालते आणि कांदा वर धरते. "ही पाटी कोणाची रे? मान कापलीस का गळा?" सगळे खो खो हसतात. ज्याची पाटी असते तो सोडून!

मावशीचं हे रागावणं फुकाचं नाही, बरं का. कांदा म्हणजे जमिनीखाली फुगलेली पानंच. ती सगळी वर येऊन मानेत एकत्र होतात. मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवली, तर ती वाळून पिळल्यासारखी होते आणि बाटलीला घट्ट बूच बसावं तसं कांद्याचं तोंड बंद होतं. अगदी बुडाशी कापली, तर तोंड उघडं राहतं. मग पावसाळ्यातली दमट हवा, बुरशी, सडवणारे जंतू यांना दार सताड उघडं! आणि लांब ठेवली, तर तिच्यात ओल राहते. आज एप्रिलमध्ये दोन्ही कांदे सारखेच तुकतुकीत दिसतात. कुणाचा विळा घाईत होता ते ऑगस्टमध्ये कळतं.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. सकाळपासून एवढे कांदे हाताळले, मग डोळ्यांना धार कशी नाही? कारण तुम्ही कांदा चिरतच नाही, वाळलेली मान कापताय. चिरल्यावर कांद्याच्या पेशी फुटतात, आत वेगवेगळी असलेली द्रव्यं एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. तो तयार करणारं एक खास विकर कांद्यात असतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिलं. त्याबद्दल त्यांना २०१३ मध्ये इग नोबेल नावाचं पारितोषिकही मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. शेतात रडू येतं ते पाठीमुळे!

नऊ वाजता न्याहारी. बाजरीची भाकरी, ठेचा, आणि तोंडी लावायला काय असणार? अर्थात कांदा. हातावर बुक्की मारून फोडलेला. लिंबाच्या सावलीत बसल्यावर पलीकडच्या शेतात तुम्हांला दुसरी एक टोळी दिसते. ही माणसं सुरगाणा, पेठ अशा डोंगराळ तालुक्यांतून आलेली आहेत. तिथं पावसाळ्यात भात, नागली होते. उन्हाळ्यात शेतं कोरडी. म्हणून दरवर्षी घरंच्या घरं इकडं कामाला येतात. त्यांचं काम उक्त्यानं असतं, म्हणजे एकराला अमुक रुपये, मग ते तीन दिवसांत करा नाहीतर सहा. त्यांचे हात बघत राहावं असे चालतात. मान न मोजता कापतात, आणि उचलून बघाल तर नेमकी दोन बोटं! त्यांच्यातही तुमच्या वयाची पोरं आहेत. तुम्ही दमलात की आंब्याखाली जाऊन पडाल. त्यांनी हात थांबवला, तर घरची मजुरी थांबते. झाडाला बांधलेल्या झोळीत त्यांचं धाकटं भावंड झोपलेलं असतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना मजुरीला लावायला कायद्यानं बंदी आहे. शाळा सांभाळून घरच्या शेतात मदत केलेली चालते. पण टोळीबरोबर आलेल्या दहा वर्षांच्या मुलीची इकडं आल्यावर शाळा कोणती? हे कोडं कायद्याच्या एका ओळीनं सुटत नाही.

बारा ते तीन काम बंद. पारा चाळिशीला टेकलेला असतो. पत्ते, आंघोळ, डुलकी, जे हवं ते करा. तीननंतर निवडणीला बसायचं, आणि माझ्या मते दिवसातलं सगळ्यांत डोक्याचं काम हेच. मध्यम आकाराचा, पातळ मानेचा, सालीला तडा नसलेला कांदा चाळीत. बारका तो गोल्टी, तो वेगळा. एका सालीत दोन जुळे दिसले, तर तो जोडकांदा. फुलाचा दांडा आलेला तो डेंगळा. त्याच्या पोटात पोकळ दांडा असल्यानं तो टिकत नाही. विळ्याचा घाव लागलेला कांदाही बाजूला. हे लपवून चाळीत ढकललं, तर सडायला लागल्यावर ते शेजाऱ्यांनाही घेऊन जातात.

ही "चाळ" म्हणजे मुंबईतली नव्हे! जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, लांबट, अरुंद असं ते कांद्याचं घर. तळाला आणि भिंतींना फळ्या किंवा बांबू, त्यांच्यात मुद्दाम ठेवलेल्या फटी, वर छप्पर. आतला ढीग जेमतेम चार फूट रुंद, म्हणजे वारा खालून-बाजूनं आरपार जातो. ना बर्फ, ना वीज, नुसता वारा! लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राचं "कृषक" नावाचं केंद्रही २००२ पासून आहे. तिथं गॅमा किरणांचा मारा करून कांद्याला कोंब फुटणं थांबवता येतं. पण किरण सडकी मान बरी करत नाहीत, आणि बहुतेक घरांचा भरवसा आजही चाळीवर आणि वाऱ्यावरच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांबरोबर ट्रॅक्टरवर बसायला मिळतं. गोल्टी, जोड आणि थोडा चांगला माल घेऊन लासलगावला जायचं. इथली बाजार समिती १९४७ सालची, आणि आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून गाव ओळखलं जातं. आत शिरलात की ट्रॅक्टरांच्या रांगाच रांगा! व्यापारी घोळक्यानं एका ट्रॉलीपासून दुसरीकडे सरकत असतात. कुणी कांदा हातात घेऊन दाबतो, कुणी मान बघतो, आकडे ओरडले जातात, आणि तुम्ही "काय झालं?" असं विचारेपर्यंत सौदा झालेलाही असतो. चार महिन्यांच्या कामाचा भाव एक-दोन मिनिटांत ठरतो. ट्रॉलीत वीस क्विंटल माल असेल, तर क्विंटलमागं शंभर रुपये इकडचे तिकडे झाले, की दोन हजारांचा फरक. काका चिठ्ठी घेतात, वाचतात, घडी करून खिशात ठेवतात. चेहऱ्यावरून काही कळत नाही.

मग सगळाच कांदा चाळीत भरून का ठेवत नाहीत? भाव वाढला की विकायचा, सोपं! पण बियाणं, खत, शाळेच्या फिया, टोळीची मजुरी यांना आत्ताच पैसे लागतात. आणि थांबूनही भाव मिळेलच असं कुणी सांगावं? नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. किलोला दीड रुपयासुद्धा नाही. त्यांनी ती रक्कम मनिऑर्डरनं थेट पंतप्रधानांकडे पाठवून दिली. आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, शहरांत कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला, कारण लांबलेल्या पावसानं खरिपाचं पीक शेतातच नासलं होतं. तुमच्या आईनं तेव्हा भेळेवर कांद्याऐवजी कोबी घातलेला कदाचित तुम्हांला आठवत असेल.

आठवडाभरानं शेत मोकळं होतं. मावशी पडवीत बसून हिशेब करते. आधी टोळीचे पैसे, मग तुमचे. तुमच्यातल्या एकीला त्यातून अकरावीची पुस्तकं घ्यायचीत, एकाला सायकल दुरुस्त करायचीय, आणि एकानं खर्च कशावर करायचा हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही! हाताचा वास साबणानं जात नाही. एसटीत शेजारचा माणूस खिडकी उघडतो.

चाळ भरून ठेवलेली असते. श्रावणात, पाऊस जरा उघडला, की आजी चाळीशी जाते, फटीतून हात घालून एक कांदा बाहेर काढते आणि त्याची मान दोन बोटांच्या चिमटीत दाबून बघते. मग दुसरा काढते.