सिंहगडाच्या पायथ्याचें शिबिर

पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारें ३० किलोमीटरांवर सिंहगड उभा आहे. खडकवासल्याचा जलाशय उजव्या हातास ठेवून जाणारा रस्ता डोणजे गांवापाशीं येतो. तेथून गाडीवाट वळणें घेत गडावर चढते, आणि पायीं जाणारांची वाट आतकरवाडीहून निघते. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर आहे. रविवारीं येथें पुणेकरांची एवढी दाटी होते कीं, पिठलें-भाकरी आणि मडक्यांतील दही ह्यांवरच पुष्कळांची गडयात्रा पुरी होते. त्याबद्दल त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. वरील वारा भूक लावणारा आहे खरा!

गेल्या मार्गशीर्षांत ह्या गडाच्या पायथ्याशीं, शुक्रवारच्या सायंकाळपासून रविवारच्या दुपारपर्यंत भरलेलें मुलांचें एक शिबिर पाहण्याचा योग मला आला. मुलांना गडाचा इतिहास सांगावा एवढ्यापुरतेंच मला बोलावणें होतें. परंतु सांगण्यापेक्षां पाहण्यासारखेंच तेथें अधिक होतें. सहावी ते आठवीच्या वर्गांतील ३२ मुलें-मुली, आणि त्यांची व्यवस्था पाहणारीं सात-आठ तरुण माणसें. कोणी महाविद्यालयांत शिकणारा, कोणी बँकेंतील कारकून, एक परिचारिका. वेतन कोणासच नव्हतें. उलट येण्या-जाण्याचा खर्चही ज्याचा तोच करीत होता.

शिबिराचें नांव 'नेतृत्व-शिबिर' असें ऐकून मीं प्रथम कपाळास आठी घातली, हें सांगितलें पाहिजे. मंचावर उभें राहून न अडखळतां बोलणें म्हणजे नेतृत्व, अशी समजूत हल्लीं घरोघर झाली आहे, आणि तें शिकविणाऱ्या वर्गांना तोटा नाहीं. परंतु शब्दाचें मूळ निराळेंच सांगतें. नेता हा शब्द 'नी' धातूपासून झाला, आणि धातुपाठांत त्या धातूचा अर्थ 'प्रापण', म्हणजे पोहोंचविणें, असा दिलेला आहे. जो स्वतः आधीं पोहोंचतो तो नेता नव्हे. जो दुसऱ्यास पोहोंचवितो तो नेता. विनय आणि उपनयन हे शब्दही ह्याच धातूचे. आठव्या वर्षीं ज्याला गुरूपाशीं नेलें, त्यानें पुढें चार जणांस न्यावें, असाच हा क्रम आहे. ह्या अर्थानें पाहतां शिबिराचें नांव चुकलेलें नव्हतें, असें दोन दिवसांत माझ्या ध्यानांत आलें.

मुलांच्या आठ-आठांच्या चार तुकड्या केल्या होत्या. त्यांना राजगड, तोरणा, पुरंदर आणि रायगड अशीं नांवें होतीं. ही रीत नवी नव्हे. १९०७ च्या ऑगस्टांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल ह्यांनीं सुमारें २० मुलांचें शिबिर भरविलें. त्यांत नामांकित शाळांतील श्रीमंतांचीं मुलें होतीं तशीं साध्या कामकऱ्यांच्या घरचींही होतीं. त्यांच्याही चारच तुकड्या होत्या आणि प्रत्येक तुकडीवर मुलांपैकींच एक नायक होता. बालवीर चळवळीचा उगम तेथें झाला. येथें त्यांत एवढीच भर होती कीं, दर अर्ध्या दिवसानें नायक बदले. नायकास नियम तीनच: त्यानें शेवटीं जेवावें, कोणी मागें राहिल्यास त्याच्यासह यावें, आणि आपली पाळी संपल्यावर इतर सातांपैकीं प्रत्येकानें कोणतें काम चांगलें केलें, तें सर्वांसमक्ष सांगावें. वडील मंडळींनीं धोका दिसल्यावांचून मध्यें पडूं नये, हा चौथा नियम त्यांनीं स्वतःस घालून घेतला होता; आणि सर्वांत अवघड हाच होता.

शनिवारीं सायंकाळीं त्याची कसोटी लागली. तोरणा तुकडीचा नायक मोठा तडफदार मुलगा होता. लाकडें, तांदूळ, डाळ, सर्वांविषयीं त्यानें हुकूम सोडले. पातेल्यापाशीं कोणी थांबावें, हें मात्र कोणासच सांगितलें नाहीं. खिचडी करपूं लागल्याचा वास आम्हां सर्वांस आला. शेजारीं बसलेला तरुण स्वयंसेवक उठला नाहीं. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसला. तीच खिचडी तुकडीनें खाल्ली, आणि नायकानें नियमाप्रमाणें शेवटीं, म्हणजे अगदीं तळाची खाल्ली. त्याला कोणी एक शब्द बोललें नाहीं; बोलण्याची गरजही नव्हती.

रविवारीं उजाडतांच चढण सुरू झाली. राजगड तुकडीवर त्या वेळीं एक अबोल मुलगी नायक होती. तिच्या तुकडींतील एक स्थूल मुलगा पहिल्याच टेपाडावर धापा टाकूं लागला. तिनें त्याला धीर दिला नाहीं, कीं घाईही केली नाहीं. त्याला सर्वांच्या पुढें घातलें, इतरांस त्याच्या मागें चालण्यास सांगितलें, आणि स्वतः शेवटीं राहिली. चाल त्याची ठरली, त्यामुळें मागें पडणारा असा कोणी उरलाच नाहीं. पुणें दरवाजापाशीं तोरणा तुकडीचीं सहा मुलें पुष्कळ आधीं येऊन जयघोष करीत होतीं. "दोघे अजून खालीं आहेत, तुकडी पोहोंचली असें कसें म्हणावें?" एवढेंच स्वयंसेवकानें विचारलें. जयघोष थांबला आणि सहाही मुलें पुन्हा उतरून गेलीं. त्या दिवशीं पहिली पुरी तुकडी राजगडचीच ठरली.

देवटाक्याचें पाणी पाहून आम्ही तानाजीच्या स्मारकापाशीं बसलों. हवा स्वच्छ होती. राजगड आणि तोरणा दोन्ही स्पष्ट दिसत होते. माघ वद्य नवमीची ती रात्र, ४ फेब्रुवारी १६७०, मीं मुलांना सांगितली: कड्यावरून चढलेले मावळे, उदयभानाशीं झुंज, दोघांचाही अंत. नायक पडतांच मावळे कड्याकडे पळूं लागले, तेव्हां सूर्याजीनें दोर कापून त्यांस मागें फिरविलें, अशी परंपरागत कथा आहे. "मग गड कोणी घेतला?" असें मीं विचारतांच बहुतेकांनीं तानाजीचें नांव घेतलें. खिचडीवाला नायक मात्र थोडा थांबून म्हणाला, "दोर कापणारा स्वतःसुद्धां वरच राहिला होता ना?" ह्यावर मला निराळें भाष्य करावें लागलें नाहीं.

हें शिक्षण आपल्या एकत्र कुटुंबांत पूर्वी निराळें द्यावें लागत नसे. दहा वर्षांचा मुलगा धाकट्या चुलत भावंडाचें बोट धरून त्याला शाळेंत नेई. पंगतींत मीठ-लिंबू वाढणें मुलांकडेच असे, आणि वाढणाराचें पान शेवटीं मांडलें जाई. आज घरांत माणसें असलीं तरी मुलाच्या वांट्यास काम येत नाहीं. अभ्यास आणि शिकवण्या ह्यांच्या नांवाखालीं त्याचें ताटही दुसरेंच कोणी उचलतें. ज्याच्यावर कोणीच विसंबून नाहीं, त्याला नेतृत्व कोठून यावें?

दुपारीं पालक मंडळी मुलांना न्यावयास आलीं. बहुतेकांनीं प्रथम काय केलें असेल, तर मुलाच्या पाठीवरील पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. प्रेमच तें, परंतु दोन दिवसांत जें बांधलें, तें एका क्षणांत सैल होतांना दिसत होतें. त्या अबोल मुलीनें पिशवी वडिलांस दिली खरी, पण तुकडींतील आठही जणांस घरचें माणूस भेटलें हें पाहिल्यावांचून ती गाडींत बसेना. वडील घड्याळ पाहत ताटकळले. त्यांनीं तिला हांक मारली नाहीं, ह्याबद्दल मीं मनांतल्या मनांत त्यांचे आभार मानले.

अशीं शिबिरें जेथें भरतात, तेथें मुलांना अवश्य धाडावें. परंतु सोमवारीं सकाळीं घरांतील एक तरी काम असें त्यांच्याकडे सोंपवावें कीं, तें त्यांनीं न केल्यास दुसऱ्या कोणाचें तरी अडेल. आणि तें अडलें तरी थोडा वेळ आपण हात मांडीवर धरून बसावें.