हनोईत कचरा कुठे टाकायचा?

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुण्याहून टूरबरोबर व्हिएतनामला गेलो. मी, नवरा, सासूबाई आणि मुलगी. व्हिसा, थंडीचे कपडे, तिथल्या डोंग या चलनाचा हिशोब, सगळ्याची तयारी केली होती. कचऱ्याचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी हनोईतल्या होआन किएम तलावाजवळच्या जुन्या पेठेत फिरलो. मुलीने उसाचा रस घेतला. रस संपला आणि प्लास्टिकचा ग्लास हातात राहिला. दोन-तीन गल्ल्या चाललो तरी डबा दिसेना. एका झाडाच्या बुंध्याशी कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग होता. "इथे ठेवू?" मुलीने विचारलं. तेवढ्यात शेजारच्या दुकानातल्या बाई हाताने 'नको नको' करत आल्या. ग्लास घेतला आणि आपल्या दुकानातल्या डब्यात टाकला.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने उलगडा केला. तो ढीग म्हणजे उकिरडा नव्हता. आसपासच्या घरांनी बांधून ठेवलेला कचरा होता. संध्याकाळी सफाई कामगार ढकलगाडी घेऊन येतात, घंटा वाजली की लोक पिशव्या आणून देतात. सुटा ग्लास तिथे टाकला की तो वाऱ्याने रस्त्यावर जातो. दंडही त्याने सांगितला. 2022 च्या नियमानुसार रस्त्यावर, फुटपाथवर किंवा गटारात कचरा टाकला तर 10 ते 20 लाख डोंग. साधारण 300 डोंगांचा एक रुपया, म्हणजे सव्वातीन ते साडेसहा हजार रुपये. सिगारेटच्या थोटकालाही 1 ते दीड लाख डोंग.

त्याने एक सोपी युक्ती दिली. ज्याच्याकडून खाल्लं-प्यायलं, त्यालाच रिकामा ग्लास परत द्यायचा. पुढे सगळीकडे तेच केलं. कुणीही नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपमधले एक काका फुटपाथवर तंबाखू थुंकले. समोरच एक बाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्या पेठेत घरं अरुंद, त्यामुळे निवडणं-धुणं, जेवणखाण बरंचसं फुटपाथवरच चालतं. बाई उठल्या, बादलीभर पाणी ओतलं, खराट्याने जागा धुतली. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी सासूबाईच काकांना म्हणाल्या, "अहो भाऊ, हे त्यांचं अंगण आहे." काका ओशाळले. नंतर त्यांनी तंबाखूची पुडी हॉटेलवरच ठेवायला सुरुवात केली.

रात्री रस्त्यावरच्या एका बिअरच्या ठिकाणी जेवलो. जमिनीवर टिश्यू, लिंबाच्या फोडी, शेंगांची टरफलं पडलेली. स्थानिक लोक खाली टाकतात, मालक नंतर झाडून घेतो. तरी टेबलाखाली छोटी बादली होती. आम्ही तीच वापरली. त्यामुळे काही अडलं नाही.

हनोईनंतर होई आन शहरातून चाम बेटांवर जायचं होतं. तिथे 2009 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. धक्क्यावर पोचल्यावर गाइडने हे सांगितलं. आमचा चिवडा आणि लाडू पिशव्यांतच होते. सासूबाईंच्या स्टीलच्या डब्याने वेळ निभावली. बाकीच्यांना खाऊ मागे ठेवावा लागला.

जाणाऱ्यांनी एवढं करावं. एक कापडी पिशवी आणि एक रिकामा डबा बरोबर घ्यावा. ओले टिश्यू, वेष्टनं हॉटेलवर येईपर्यंत जवळच ठेवावीत. संडासात कमोडशेजारी टोपली असेल, तर कागद त्यातच टाकावा. टूरवाले विमानात बसण्याआधी जेवणाच्या वेळा सांगतात, तसं त्यांनी हेही सांगावं.

आणि आपल्यातलं कुणी थुंकलं, तर त्याला आपणच तिथल्या तिथे टोकावं. त्या बाईंना आपली भाषा येत नाही, आपल्याला येते.