धरणाआधीची कोयना

आज पुन्हा तो जुना नकाशा पसरून बसलो. सर्व्हे ऑफ इंडियाचा, एक इंचाला एक मैल. कोयना धरण होण्याआधीचा. वासोटा किल्ल्यापाशी तपकिरी समोच्च रेषा इतक्या दाटतात, की कडा बोटाला लागेल असं वाटतं. खाली उतरताना त्या विरळ होतात आणि नदीकाठी पिवळा पट्टा लागतो. ती कसलेली जमीन. त्यात लाल ठिपके, म्हणजे घरं. घरांमधून जाणारी तुटक रेघ, म्हणजे पायवाट. किती माणसं चालली असतील त्या रेघेवरून!

तो पट्टा आता धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. महाबळेश्वरहून दक्षिणेला धावणारी, हेळवाकला पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेत मिळणारी ही कोयना नदी. तिचं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजघराकडे उतरवलं आणि महाराष्ट्राला वीज मिळाली. धरण हवंच होतं, असं मी मानतो. पण १९६०च्या आसपास धरणामुळे गावातून उठलेल्यांच्या नातवंडांनाही जमिनीसाठी आंदोलनाला बसावं लागतं, हे सहन होत नाही.

या नकाशाची मोठी प्रत जलाशयाकाठच्या तापोळा-बामणोलीच्या शाळांत लावायला हवी. मुलांना पणजोबांचं शिवार बोटानं दाखवता यावं.