कोरी उजवी बाही

अमेरिकी भूदलात अनोळखी सैनिक भेटला की नजर आधी त्याच्या उजव्या दंडावर जाते. डाव्या दंडावर सध्याच्या तुकडीचं चिन्ह. उजव्यावर, ज्या तुकडीबरोबर युद्धक्षेत्रात सेवा केली तिचं. मोहिमेवर न गेलेल्याची उजवी बाही कोरी. तोंडानं कुणी काही बोललं नाही तरी हिशेब होऊन जातो.

गेलेल्यांतही उतरंड आहेच म्हणा. पायदळाला लढाईचा खास बिल्ला 1943 पासून मिळतो. रणगाडा-तोफखान्यातल्यांसाठी तसा बिल्ला यायला 2005 साल उजाडलं. इराकमध्ये तळाबाहेर न पडणाऱ्यांना ‘फॉबिट’ म्हणून हिणवलं जाई.

आणि मार्च 2003 मध्ये नासिरियात रस्ता चुकून हल्ल्यात सापडलेली 507वी कंपनी? ती दुरुस्तीचं काम करणारी. त्या ताफ्यातले 11 जण मारले गेले.

शिवाय कुठे जायचं हे सैनिक थोडाच ठरवतो! 2021 मध्ये अफगाणिस्तानातून सैन्य परतलं. त्यानंतर भरती झालेल्या अनेकांच्या बाह्या कोऱ्याच आहेत. आता जुन्या सार्जंटची पंचाईत अशी, की एकाला टोमणा मारावा तर तो अख्ख्या पलटणीला लागतो.