संधिसाधु

‘संधिसाधु’ हा शब्द आम्ही आजवर राजकारणी पुरुषांसाठींच राखून ठेवला होता. एच्.आय्.व्ही.च्या रोग्यांस जडणाऱ्या फुप्फुसविकारांनाहि डॉक्टर मंडळी हेंच विशेषण लावतात, हें कळल्यावर आम्हांस प्रथम मौज वाटली. पण ती फार वेळ टिकली नाहीं.

न्युमोसिस्टिस नांवाची एक सूक्ष्म बुरशी आहे. बहुतेकांची तिच्याशीं गांठ बालपणींच पडते, आणि निरोगी माणसास तिचा पत्ताहि लागत नाहीं. ५ जून १९८१ रोजीं एका अमेरिकन सरकारी साप्ताहिकांत लॉस एंजेलिस येथील पांच तरुणांस तिच्यामुळें न्युमोनिया झाल्याचें वृत्त आलें; एड्‌सची जगास मिळालेली ती पहिली वर्दी. आपल्याकडे हा मान क्षयाचा. त्याचे जंतु असंख्य भारतीयांच्या छातींत निद्रिस्त असतात. रक्तांतील सीडी-फोर पेशींचा पहारा विरळ झाला, कीं ते उठतात. ती संख्या दर घन मिलिमीटरास २०० च्या खालीं उतरली, कीं बुरशीचेंहि फावतें. म्हणून अशा रोग्यास कोट्रायमॉक्साझोलची जुनी, स्वस्त गोळी रोज घ्यावयास सांगतात. मूळ विषाणूस आवरणारीं औषधें तर सरकार एप्रिल २००४ पासून विनामूल्य देऊं लागलें.

मग माणूस मरतो कां? आमचा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गांवीं शिक्षक होता. त्यास आपला आजार ठाऊक होता, औषधेंहि ठाऊक होतीं. एके दिवशीं औषधाच्या रांगेंत उभा असतां एका सहकाऱ्यानें त्यास पाहिलें. दुसऱ्या दिवशीं शाळेंत त्याचा चहाचा कप निराळा झाला. त्यानंतर त्यानें त्या रांगेकडे पाऊल टाकलें नाहीं. पुढें कोरडा खोकला आला, चार पायऱ्या चढतांना धाप लागूं लागली. इस्पितळांत पोंचला तेव्हां फार उशीर झाला होता. गोळ्यांना पैसा पडत नव्हता. त्या कपाची किंमत मात्र त्यास परवडली नाहीं.

२०१७ च्या कायद्यानें अशा रोग्यांशीं भेदभाव करण्यास मनाई केली आहे. कायदा नोकरी राखील, कपाचें काय?

बुरशीस द्वेष ठाऊक नाहीं. वाव मिळेल तेथें वाढावें, एवढाच तिचा धर्म. कुजबुजीचेंहि तसेंच. ती प्रत्येक कचेरींत, प्रत्येक शिक्षकांच्या खोलींत निजलेली असते, आणि कोणी दुबळा झाला कीं उठते. तिच्यावरची गोळी दवाखान्यांत मिळत नाहीं. त्या निराळ्या कपांतच आपला चहा ओतून घेणारा एखादा सोबती लागतो. आमच्या विद्यार्थ्यास तो लाभला नाहीं. आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकाचें असें एखादें चहाचें टेबल असेलच.