फ्लेक्सवरची डॉक्टर

2013 साली माझी धाकटी बहीण एमबीबीएस करायला रशियाला निघाली, तेव्हा आमच्या वस्तीत विहारासमोर फ्लेक्स लागला होता. वर तथागत आणि बाबासाहेब, खाली तिचा फोटो आणि नावाआधी 'डॉ.'. तिने अजून शरीररचनेचं पुस्तकही उघडलं नव्हतं. त्या फ्लेक्सचा मजकूर मी लिहिला होता. आज हा लेख लिहितेय तो त्या 'डॉ.'चा हिशेब द्यायला.

बाबा एसटीत कंडक्टर होते. शासकीय महाविद्यालयातली जागा थोडक्यात हुकली. अभिमत विद्यापीठांत आपल्याला आरक्षण नाही आणि तिथली फी ऐकून बाबांनी मुकाट्याने फोन ठेवला. मग एजंट आला. सहा वर्षं, इंग्रजीतून शिक्षण, भारतात मान्यता, असं त्याने सांगितलं. जाता जाता म्हणाला, "परत आल्यावर एक छोटीशी परीक्षा असते." बाबांनी पीएफ काढला, उरलेलं कर्ज. मी समाजशास्त्रात एमए केलेली, मोर्चात प्रश्न विचारणारी बाई. पण त्या छोट्याशा परीक्षेबद्दल मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

ती परीक्षा म्हणजे एफएमजीई. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांसाठी 2002 पासून ही चाळणी आहे. वर्षातून दोनदा होते. 300 प्रश्न, 150 मिनिटांचे दोन भाग, पास व्हायला 150 गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेक सत्रांत परीक्षा देणाऱ्यांपैकी एक तृतीयांशही पास होत नाहीत. पास झाल्याशिवाय इथे इंटर्नशिप नाही, नोंदणी नाही. म्हणजे सहा वर्षं शिकून आलेला माणूस कायद्याने डॉक्टर नसतो.

बहीण 2019 मध्ये परतली. वर्गात इंग्रजी होतं, पण वॉर्डातला पेशंट रशियन बोलायचा. मोडक्यातोडक्या रशियनमध्ये ती किती विचारणार आणि तो किती सांगणार? त्यात एकोणीस विषयांची उजळणी. दिल्लीत एम्सजवळ गौतमनगरला क्लास लावला, एका खोलीत तिघी राहिल्या. डिसेंबर 2019 च्या परीक्षेत तिला 128 गुण मिळाले.

तिथे आडनाव कळल्यावर एका मुलाने तिला विचारलं, "तुम्हाला कटऑफ कमी असेल ना?" मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. या परीक्षेत कुणालाच सवलत नाही. 150 म्हणजे सगळ्यांना 150. विचारणारा स्वतः तिच्यासारखाच फी भरून परदेशातून पदवी घेऊन आला होता आणि तोही नापास झाला होता. तरी मेरिट त्याच्या बाजूचं आणि संशय आमच्या आडनावावर. जातीला मार्कलिस्ट लागत नाही.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि ती घरी आली. ऑगस्टच्या परीक्षेत 141 गुण. नऊ गुणांनी गेली. आपलं काय चुकलं हेही कळत नाही, कारण प्रश्नपत्रिका बाहेर देत नाहीत. तिने विहारात येणं सोडलं. लोक प्रेमानेच "डॉक्टर" म्हणून हाक मारायचे आणि तिला ते सहन व्हायचं नाही.

त्याच दिवसांत गावातल्या एका खासगी दवाखान्यातून निरोप आला. रात्रपाळी करा, कागदावर नाव दुसऱ्या डॉक्टरचं राहील, महिना पंधरा हजार. कोविडमुळे माणसं मिळत नव्हती. कर्जाचे हप्ते चढले होते. बाबा गप्प होते. मीच म्हणाले, "घे. सगळेच करतात."

ती म्हणाली, "ताई, रात्री तिथे कोण येतं? आपल्याच वस्तीतले येतात. माझ्या हातून काही चुकलं तर सही दुसऱ्याची आणि मेलेलं माणूस आपलं."

मला उत्तर देता आलं नाही. नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण ती कायद्याला भिऊन बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला माझ्यासोबत न्यायला लागले. या परीक्षेत सामुदायिक वैद्यकावर तीसेक प्रश्न असतात. आशा, उपकेंद्र, लसीकरण, क्षयरोग कार्यक्रम. हे रशियात कोण शिकवणार? पण आमच्या आशाताईंना ते तोंडपाठ होतं. हजार लोकसंख्येमागे एक आशा. सपाट भागात पाच हजारांना एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांना. पेंटाव्हॅलंट सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. बहीण घरोघरच्या सर्वेक्षणात त्यांच्यामागे फिरायची, संध्याकाळी वही भरायची, रात्री मी तिला प्रश्न विचारायचे. सहा वर्षांत जे तिला परकं वाटलं होतं, ते आमच्याच गल्लीत होतं. डिसेंबर 2020 मध्ये तिला 163 गुण मिळाले.

आता मुद्द्याचं. आपले काही तरुण म्हणतात, ही परीक्षाच रद्द करा. मला ते पटत नाही. श्रीमंत माणूस मोठ्या शहरातला डॉक्टर निवडू शकतो. आपल्या माणसाला जो समोर असेल त्याच्याच हाती जीव द्यावा लागतो. म्हणून पक्की चाळणी सगळ्यांत जास्त आपल्याच हिताची आहे.

पण चाळणी पक्की ठेवायची आणि त्याआधीचा बाजार मोकळा सोडायचा, हा न्याय नाही. 1923 मध्ये बाबासाहेब लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले. वकिली करायला सनद लागत होती आणि ती घ्यायलाही जवळ पैसे नव्हते. तेव्हा नवल भथेना हे मित्र मदतीला आले. बाबासाहेबांनी सनदेतून सूट मागितली नाही, सनद मिळवली. आपल्या पोरांनाही सूट नको. त्यांच्यामागे भथेना उभे राहायला हवेत.

म्हणून मागणी अशी करू या. परीक्षेनंतर प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची खुली करा. बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते, तशी या परीक्षेची तयारीही तिच्याकडे मागू या. इंटर्नशिपमध्ये परदेशातून आलेल्यांना विद्यावेतनासाठी भांडावं लागू नये.

आणि काही कामं सरकारची नाहीत, आपली आहेत. पैसे भरण्याआधी एजंटला विचारा: अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आहे का? त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप आहे का? संपूर्ण शिक्षण इंग्रजीतून आहे का? त्या पदवीवर त्या देशात डॉक्टरकी करता येते का? 2021 च्या नियमांनुसार यातलं एकही कमी पडलं तर इथली नोंदणी अडते. तिथल्या पास झालेल्या मुलांशी बोला, नापास झालेल्यांशी आधी बोला. आणि पोरगी नापास होऊन आली तर विहाराचं दार तिला जड होणार नाही, एवढं बघा.

बहीण आज एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी आहे. कर्ज अजून फिटलेलं नाही. नोंदणी झाली तेव्हा वस्तीतली पोरं पुन्हा फ्लेक्स लावायला निघाली होती. तिने एकच अट घातली: नावाखाली नोंदणी क्रमांक लिहा. या वेळचा मजकूरही मीच लिहिला.

जय भीम!